अंगठा उठत नाही

माझा इकडचा नंबर बेळगुंदीत यल्लूताईकडे असतो.
बटणांचा फोन, खिडकीच्या गजाला पिशवीत टांगलेला,
रेंज तिथंच येते म्हणून.
दर अठ्ठावीस दिवसांनी ती दुकानात जाते, पैसे घालते,
परगावी गेलेल्याच्या म्हशीला शेजाऱ्यानं वैरण घालावी तशी.
"तुझ्या नंबराला घातलोय बघ," सांगते,
"आता म्हयनाभर तू हाईस."

मस्कतमध्ये माझ्याकडे बताका आहे.
त्याची मुदत सरत आली की कंपनीचा मंदूब गाडी घेऊन येतो,
आम्हा नऊ जणांची बोटं काचेवर ठेवायला लावतो.
हिरवा दिवा लागला की मी आणखी दोन वर्षं आहे.
लाल लागला तर
साबण, खोबरेल, चोळणं, परत.
एकवीस वर्षं फरश्या बसवतोय,
सिमेंटनं बोटांवरचं सगळं सपाट करून ठेवलंय, लेव्हल लावून.

पासपोर्टावर मी परशराम.
आधारवर इंग्रजीत परशरामा.
कानडीत लिहिताना शेवटी जो अ उरतो
तो तिथून इंग्रजीत उतरला, आणि बसला.
कानडीतलं नाव मला वाचता येत नाही,
मराठी शाळेतला मी;
ओळखतो फक्त, लांबून बसची पाटी ओळखावी तसं.
बँक म्हणाली, हे दोघे वेगळे दिसतात.
शिवाय कार्डाला दहा वर्षं झालीत, नवं करून घ्या,
नाहीतर खातं थांबेल.

सुट्टी चाळीस दिवसांची.
त्यातले चार त्या एका अ-च्या मागे गेले.

कॅम्पातलं हेड पोस्ट, पहाटे पाचला टोकन.
ताईलाही नेलं, तिचंही दहा वर्षांचं झालेलं,
रेशन दुकानात अंगठा उठत नाही म्हणून
दर महिन्याला ती चार माणसांत ओशाळते.
अकरा वाजता सर्व्हर गेला.
साडेबाराला आला.
दोन वाजता हिरेमठ मॅडम म्हणाल्या, "बेरळ इडरी."

ठेवली. लाल.
पुसून ठेवली. लाल.
मग ताई बसली.
सोळाव्या वर्षापासून काजूच्या फॅक्टरीत,
चिकानं दहाच्या दहा बोटं भाजून निघालेली,
गुळगुळीत, थोडी काळी.
लाल.

मॅडमनी एकदा तिच्या हाताकडं बघितलं, एकदा माझ्या.
"अक्का-तम्मा?"
"व्हय," ताई म्हणाली,
कुठल्या भाषेत विचारलं याचा विचारही न करता.

चेहऱ्यानं नाही ओळखलं कुणी आजवर;
ती बाबांवर गेलीय, मी आईवर.

मग डोळे घेतले.
ताईला सांगितलं, पापणी हलवू नको.
ती इतकी मोठे डोळे करून बसली
की मागच्या बाकावरचं पोर घाबरून रडलं
आणि ती हसली,
परत पहिल्यापासून घ्यावं लागलं.

नावाचा कागद मात्र नापास झाला, पुसट आहे म्हणून.
आता इथून, रुवीतल्या खोलीतून, फोनवर भरतोय.
दहा मिनिटांत सहा आकडे टाकायचे असतात
आणि ते आकडे खिडकीच्या गजाला लटकलेल्या पिशवीत पडतात.
तिकडं रात्रीचे साडेदहा. ताईला उठवलं.
"आलं आलं, थांब, चष्मा..."
आणि घाईत ती कानडीतच वाचू लागली,
फॅक्टरीतला वजनवाला बावीस वर्षं तसंच मोजत आलाय:
नाल्कु. सोन्ने. एरडु. एरडु.
पाचवा अडला.
"ओंबत्तु," ती म्हणाली, "न्हाई, थांब, सहा हाय.
उलटा धरलोय मी फोन."

सगळे आकडे पहिल्यापासून परत घेतले.

टाकले.
"उठलं काय रे?"
"उठलं," म्हणालो. "झोप जा."
पडद्यावर अजून गोल फिरत होतं.
"बरं," ती म्हणाली, "खरं उद्या तुझा अठ्ठाविसावा हाय,
सकाळीच घालून येतो."