हो किंवा नाही

नियम मी फळ्यावर लिहून ठेवतो,
तोंडी सांगितले की आपल्याकडे त्यावर चर्चा होते.
नाणं कडेनं धरा, अंगठा फिरवू नका.
प्रत्येकाला तीन प्रश्न.
मी फक्त हो म्हणेन, किंवा नाही.
बक्षीस : दहापट भिंग, डबीसकट.

शनिवार पेठ, सायकलच्या दुकानावरचा हॉल,
महिन्याचा दुसरा रविवार.
पंक्चरच्या सोल्युशनचा वास जिना चढून येतो
आणि सतरंजीवर आमच्यातच बसतो.
उत्तर बंद पाकिटात, माझ्या अक्षरात.
छत्तीस वर्षं कॅशियरच्या पिंजऱ्यात होतो,
चेहरा मिटून ठेवायची सवय आहे.

बशीत पिवळं फ्लॅनेल, त्यावर नाणं.
मुर्तझाभाई बोहरी आळीत खिळे विकतात,
त्यांनी डोळे मिटून तळहातावर तोललं.
"साडेतीन ग्रॅम. सोनं. आपल्याकडचं?"
नाही.
"दर्यापलीकडचं?"
हो.
मग करंदीकरांनी पोर्तुगालवर दहा मिनिटं घेतली.
त्यात प्रश्न एकही नव्हता,
म्हणून मला उत्तरही द्यावं लागलं नाही.

कैवल्य, इयत्ता चौथी, म्हणाला,
"दोघांनी एकच दांडा धरलाय. पीएमटीतल्यासारखा.
त्यातल्या एकाला बसायला जागा मिळालीय."

हसू ओसरेपर्यंत उबाळे बाईंनी
चष्मा कपाळावर सारून नाणं नाकाशी नेलं.
"जागा नाही रे मिळाली. गुडघे टेकलेत त्यानं.
समोर संत आहे, त्याच्या हातात झेंडा देतोय."
मग माझ्याकडे वळून, "संतच ना?"
हो.
"व्यापाऱ्यांचं गाव? पाण्यावर वसलेलं?"
हो.
"मग व्हेनिस."
पाकीट फोडलं. टाळ्या. भिंग त्यांच्या पर्समध्ये गेलं.

इथे संपायला हवं होतं.
पण नाणं अजून फिरत होतं,
दाराशी टेकलेल्या धोंडिराम पटवेकरांपर्यंत आत्ता पोचलं.
रविवार पेठेत चाळीस वर्षं ते रेशमात दागिने ओवतात.
चित्राकडे त्यांनी पाहिलंच नाही.
कडेवरून नख फिरवलं,
गुंत्यात दोऱ्याचं टोक शोधावं तसं.
"पुतळी आहे ही."
हो.
"इथं कडी होती. कानशीनं काढलीय. आणि सोनारानं नाही."
हो.

सदतीस होत्या.
मोजायचं काम माझ्याकडेच आलं, नेहमीसारखं.
अठरा थोरलीला, अठरा धाकटीला.
मुली म्हणाल्या, उरलेली तुम्हीच ठेवा, बाबा.
एकटी पुतळी कोणी घालत नाही.
पण कडी गेली की तिचं नाणं होतं
आणि नाणं कुणाच्या गळ्यातलं, हे कोणी विचारत नाही,
असा माझा हिशोब.
एका मंगळवारी, ओट्याशी उभ्यानं,
पेपरावर पिवळा कीस पडला, चिमूटभरसुद्धा नाही.
पेपर मी रद्दीत घातलेला नाही.

पटवेकरांनी नाणं बशीत ठेवलं.
एक प्रश्न उरला होता त्यांचा.
"परत ओवायची झाली, तर कडी कुठाय?"

याला हो लागू होत नव्हतं, नाही लागू होत नव्हतं.
खाली कुणीतरी चाकात हवा भरत होतं.
करंदीकर म्हणाले, हा प्रश्न नियमात बसत नाही,
आणि ते खरंच होतं.

फळा पुसला.
सतरंजी गुंडाळायला मी गुडघ्यांवर बसलो.
दुसरं टोक पटवेकरांनी धरलं.