वासाचा आहे, ताई

मखमलाबाद रोडच्या नर्सरीत पोरगा म्हणाला,
"रंगाचे पुष्कळ आहेत, हा वासाचा आहे, ताई."
मी कळीवर नाक टेकवलं
आणि मान डोलावली, खोटीच.

एकतीस वर्षं जेल रोडवरून, आधी सायकलने, मग लूनाने,
नोटांच्या प्रेसमध्ये.
वास कधी गेला ते कळलंच नाही.
एक दिवस दूध उतू जाऊन करपलं
आणि मी शेजारच्या खोलीत पेपर वाचत होते.
डॉक्टर म्हणतात सायनस. सरोज पगारे म्हणते शाई.

जागा म्हणाल तर सहा बाय चार.
मीटरची पेटी, नळाची तोटी, मधे उरलेलं ऊन.
या गावाला एके काळी गुलशनाबाद म्हणत;
त्यातलं माझ्या वाट्याला हे एवढं.

दीड फूट खड्डा. चिकट काळी माती अर्धी काढून टाकली,
वाळू, शेणखत, निंबोळी पेंड, मूठभर हाडांचा चुरा.
डोळा मातीच्या वर ठेवायचा, बोटभर.
डोळा म्हणजे, जिथे रानटी खुंटावर
दुसऱ्या झाडाचा जीव बांधलेला असतो,
पट्टीने, जखम बांधावी तसा.
त्याच्या खालून फुटेल ते रान.
सात सात पानांचं, जोमदार, लबाड हिरवं.
ते काढताना हात दर वेळी अडखळतो:
जगायची इतकी हौस असलेलं कुणी
मी आजवर मुळापासून उपटलं नव्हतं.

ऑक्टोबरात सगळा जिल्हा छाटणी करतो, मीही केली.
चुलतदीर दौलतराव, पिंपळगावला तीन एकर द्राक्षं,
फाटकातूनच हसले, "वहिनी, एवढ्याशा काडीला कात्री?"
पण बसले उकिडवे. दाखवलं:
बाहेर बघणाऱ्या डोळ्याच्या वर, पाव इंच, तिरपा काप.
"आत बघणारा ठेवला
की झाड स्वतःतच गुंतून बसतं."
हे त्यांनी झाडाबद्दलच म्हटलं असावं.

डिसेंबरात भुरी. द्राक्षांवर येते तिचीच कुणी बहीण.
गंधक मारलं. मावा बोटांनीच चिरडला;
आयुष्यभर कोऱ्या नोटा मोजलेली बोटं,
एकही सुटला नाही.

संक्रांतीच्या आधी, निफाडचा पारा
पहिल्या पानावर छापून आला त्या आठवड्यात,
उमललं. गडद लाल, जवळजवळ काळं,
पाकळीची कड मागे मुडपलेली,
नव्या पातळाची घडी मोडावी तशी.

आता पंचाईत.
फूल आहे. वास?
सरोजला बोलावलं. म्हणाली,
"गुलाबाचा येतोय, अजून कसला येणार?"
समोरची गार्गी, वय सहा, पुष्कळ वेळ हुंगून म्हणाली,
"मला सर्दी झालीय."
दौलतराव फोनवर: "मी इथून काय सांगू?"

व्हॉल्व्हमन गांगुर्डे पहाटे साडेपाचला
गल्लीचं पाणी सोडायला येतो.
लोखंडी चावी खांद्यावर, नाकापर्यंत मफलर.
त्याच्या सायकलची चेन आमच्या फाटकावरून
रोज कुरकुरत पुढे जाते.
त्या दिवशी थांबली.

मी खिडकीशी, अंधारात, कपातला चहा निवत चाललेला.
त्याने मफलर हनुवटीखाली ओढला.
इकडे तिकडे पाहिलं.
मग कुंपणावरून वाकला,
देवळात वाकतात तितका नाही,
भाजीवाल्याकडे मेथीची जुडी बघायला वाकतात तितका.
आणि तसाच राहिला.

त्या दिवशी आमच्या गल्लीत पाणी
दहा मिनिटं उशिरा आलं.
बायका नळाशी करवादल्या, नगरपालिकेच्या नावाने बोटं मोडली.
मी काही बोलले नाही.
बादली लावली.
पहिला तांब्या झाडाला.