डाव्या हाताची पावती

लिही, कारकुना.
घाई कसली? रांग माझ्या मागेही आहे आणि ऊनही.
नाव न्सोना. लिहायला जमत नसेल
तर जुस्तीन लिही, मळ्यावर तेच होतं,
मालकाच्या मेलेल्या घोडीचं, वाया जाऊ नये म्हणून मला दिलेलं.

कॉफीची एक गोणी आणली आहे.
त्रेझिलने डोंगरावरून आणली, डोक्यावर.
माझा मुलगा. मुकादम कसा दिसतो ते त्याला माहीत नाही.
वाटेत विचारत होता, हा कर कशाचा?
म्हटलं, आपलाच.
आपण स्वतःला चोरून नेलं ना,
त्याचे पैसे हवेत समुद्रापलीकडच्या लोकांना.
तो हसला.
मग बराच वेळ नुसता चालला.

तर माझा हिशेब.
लेंबेच्या अंगाला एक गुऱ्हाळ होतं, पाण्यावर फिरणारं.
मी चरकात ऊस घालायची, रात्रपाळीला,
तोंडाला पत्र्याचं मुसकं, बैलाला घालतात तसं,
कांडं चघळू नये म्हणून.
चरकाशेजारी खिळ्याला कुऱ्हाड टांगलेली.
नव्या बाया विचारायच्या, ही कशाला?
जुन्या काही बोलायच्या नाहीत,
बाही तेवढी वर सारायच्या.

चरकाला कांडं काय नि मनगट काय.
आजोरने कुऱ्हाड काढली. एकच घाव.
रडत होता तो, मी नाही.
चरक थांबला नाही. रस काहिलीत गेला,
साखर झाली, पिंपात भरली, गलबतावर चढली,
नांतमध्ये कुणीतरी चमच्याने ढवळली असेल.

वर्षअखेरीला हिशेबनीस मोठ्याने बोलत लिहायचा:
गाढव, लंगडं, एक. चाळीस लिव्र.
काहिली, तांब्याच्या, पाच.
जुस्तीन, कोंगोकडची, डावा हात नाही.
किंमत, काही नाही.

पाठ आहे मला.
प्रार्थना विसरले, आईची भाषा अर्धी विसरले,
ते वाक्य नाही.

पुढचं तुझ्या आजीने सांगितलं असेल,
ऑगस्टातली ती रात्र, ढोल, कोण कुठून धावलं.
प्रत्येकाची आजी त्या रात्री सगळ्यात पुढे होती.
मी पुढे नव्हते. मी गुऱ्हाळात होते.
खिळ्यावरून कुऱ्हाड काढली, उजव्या हाताने.
हलकी होती रे.
इतकी वर्षं वाटायचं, जड असेल.

ऊस गोड लागला म्हणून मुळासकट खाणारी माणसं ती.
आम्ही मुळालाच काडी लावली.
कितीतरी दिवस आभाळातून राख पडत होती,
पोरं जीभ बाहेर काढून झेलायची,
आणि थुंकायची.

मग जहाजं आली, तोफा आल्या, ताप आला.
ताप आमच्या बाजूने लढला, त्याला मात्र कुणी पदक दिलं नाही.
आजोर आर्तिबोनीतच्या काठी पडला,
कुठल्या दगडाशी ते सांगणारा पुढच्याच आठवड्यात पडला.
बारा वर्षं म्हणतात. मी मोजली नाहीत,
मोजायचं म्हटलं की हात पुढे येतात
आणि एकच येतो.

आणि ती जानेवारीची पहिली सकाळ.
भोपळ्याचं सूप. मालकाच्या टेबलावर जायचं ते,
आम्ही वर्षानुवर्षं वासावर जगलो.
भोपळा मी फोडला. त्याच कुऱ्हाडीने.
त्रेझिल पोटात होता, लाथ मारली त्याने,
पहिल्या घोटाला की घावाला, कळलं नाही.

आता तू सांग, शिकलेला आहेस.
गाढवाचे चाळीस.
काही नाही, याचे किती?

असू दे. मान खाली घालू नकोस, तुझा पगार आहे यात.
गोणी घे. पोरगं थकलंय, परत कोण वाहून नेणार.
पण पावती दे. आणि त्यात लिही,
एक हात आधीच जमा.

काय म्हणतोस?
डाव्या हाताचा अंगठा लागतो?

तो नांतला आहे, बाबा.
तिकडूनच मागवून घे.