खांद्यापाशी एकशे एकतीस

चाळीस वर्षं मी शिझुओकात दात घडवले.
माझं काम अजून लोकांच्या तोंडात भात चावतंय,
काहींच्या बरोबर ते जळूनही गेलं.
आता त्याच सळया, तोच दिवा, तेच भिंग,
आणि पितळी तारेवर इपॉक्सीचा लगदा.
दीड तासात दगड होतो.
तोवर बोट ओलं ठेवायचं, श्वास आवरता घ्यायचा.

संग्रहालयाला हवाय एक सामुराई स्वार,
आठशे वर्षांपूर्वीचा, धनुष्यासकट,
एकास चोवीस या मापात.
मेणाचा नमुना बघून हिरानुमा नावाच्या तरुण अधिकाऱ्याचं पत्र आलं:
‘घोडा जरा रुबाबदार करावा.
हे तट्टू वाटतं. पोरं हसतील.’

तट्टूच होतं ते, हिरानुमासान.

आगगाडीनं, मग बसनं, मी काइदाच्या पठारावर गेलो,
खिशात शिंप्याची टेप.
तिथे कुराशिना तोमे, वय एक्क्याऐंशी,
किसो जातीची एक घोडी बाळगून आहे.
‘कोट शिवताय का तिला?’ म्हणाली.
घोडी माझ्या बाहीला नाक घाशीत उभी राहिली.
खांद्यापाशी एकशे एकतीस सेंटिमीटर.
डोकं थोराड, मान आखूड, पोट गवतानं तट्ट.
भागिले चोवीस: साडेपाचाला केसभर कमी,
माझ्या अंगठ्याएवढी.

‘आता बसूनच बघा.’
उजवीकडून चढलो, ते चढायचे तसा;
कंबर कुरकुरली, तोमे हसली.
पाय जमिनीला लागतील की काय असे लोंबत होते,
आणि तरी, मांड बसल्यावर,
कुट्टूचं पांढरं शेत एकदम खाली गेलं.

घरी येऊन नमुना मोडला.
मोजली घोडी, पण लढाईत नर जायचे,
म्हणून मानेत थोडं मांस चढवलं.
धनुष्याची मूठ मध्यावरून खाली आणली.
रिकिबीची कडी काढली, अख्खं पाऊल मावेल अशी
उघड्या पन्हाळीसारखी केली.
चिलखताच्या पट्ट्या ओवणारी दोरी:
एका बाहीला तीनशे बारा टाके, मोजलेत.
नाल नाही. लोखंड त्या खुरांच्या वाट्याला आलंच नव्हतं.
पेंढ्याचे जोडे.

इथे घोडं अडलं.

पेंढ्याचा जोडा दगडी वाटेवर टिकणार किती?
तोमेला फोन लावला. तिचा बाप ओझ्याचे घोडे हाकायचा.
‘अर्धा दिवस,’ ती म्हणाली. ‘मग दुसरा.
बाबांच्या कमरेला आठ-आठ लोंबत असायचे.
ती सळसळ वळणावर ऐकू आली
की आई चुलीवर पाणी ठेवायची.’

मग याचे जोडे कोणाच्या कमरेला?
स्वाराच्या कमरेला तलवार आहे, तिथे जागा नाही.

तीन रात्री खपून मी मोतद्दार केला.
करारात नव्हता.
वाकलेला, घोड्याचं मागचं डावं पाऊल मांडीवर,
दोरीचं टोक दातांत धरलेलं.
दोरी दातांत धरायची तर ओठ उघडे हवेत.
समोरचा एक दात मी ठेवला नाही:
त्या काळी माझ्यासारखं कोणी नव्हतं.

स्वाराचा चेहरा कसा होता, कोणालाच ठाऊक नाही.
तो वर बसून जोडा बांधून व्हायची वाट बघतोय,
एवढंच मी त्याला दिलं.

उत्तर आलं: मापाचं मान्य,
मोतद्दाराची तरतूद मात्र अंदाजपत्रकात नाही.
मी कळवलं: पैसे नकोत.
काढायचा तर तुमच्या हातानं काढा,
पण घोड्याच्या पावलातून त्याच्या मांडीत
एकच तार गेलीय आरपार.

खोक्यात कापसाखाली एक सुटा जोडा ठेवलाय.
त्याच्या कमरेला तो सातवा.
जपून उघडा,
तांदळाच्या दाण्याएवढा आहे.