बंद भाव

कर्णिककाकूंनी सात वह्या आणल्यात
खंडेराव मार्केटच्या पिशवीत, वर मेथीची जुडी.
शेअर विकले, आता कर भरायचाय.
"जुने भाव लागतील ना गं तुला?"

जुने भाव मला संगणकात मिळतात,
हे मी सांगत नाही.
जुडी बाजूला ठेवते, वह्या घेते.

सातही वह्यांत एकच कंपनी, गोरवा बेअरिंग्ज.
आकडे गुजराती, कारण पेपर गुजराती;
शेरे मराठी, कारण काका मराठी,
प्रतापनगरच्या वर्कशॉपातले फिटर.
गुजराती पाच म्हणजे शिरोरेघ नसलेला प.
पंचावन्नाला मी दोनदा "पप" वाचते.
रविवारी रेघ. संपाच्या दिवशी रेघ.
सत्याऐंशी साली शंभर शेअर, चाळीसच्या भावाने,
आणि शेजारी: पीएफला हात लावलेला नाही.
त्याखाली दोन रेघा.

कायद्याला हवा एकतीस जानेवारी अठराचा भाव,
म्हणजे पेपर एक तारखेचा.
पण काकांचं अक्षर तेराच्या जूनमध्येच थांबतं,
एका शुक्रवारी.
पुढे तेरा ओळी कोऱ्या.
चौदावीपासून आकडे मराठी,
थोडे मोठे, रेघेखाली उतरणारे.
"काकू, तुम्ही?"
"पेपर तर यायचाच. आकडा वाया का घालवायचा?"

एक तारीख सापडते, गुरुवार.
मला दिवसभरातला सर्वांत वरचा भाव लागतो,
त्यांनी लिहिलाय बंद झालेला.
तरी ताडून बघते यंत्राशी.
पैशापर्यंत जुळतो.

मग त्या स्वतःच चौथी वही उघडतात,
न शोधता, मधोमध.
"हे बघ. इथे बुडालो आम्ही."
चौऱ्याण्णवचा ऑक्टोबर. सोमवारी दोनशे बारा,
मंगळवारी एकशे चार.
"यांना विचारलं, तर म्हणाले, बोनस आलाय.
मला वाटलं रेल्वेचा, दिवाळीचा.
म्हटलं, तोही घातला वाटतं यात!
चार दिवस जेवले नाही मी.
हे डबा घेऊन जायचे, तसाच परत आणायचे."

आकड्यापुढे पेन्सिलीत, मुंगीएवढं: एक्स-बी.

मी आलेख उघडते. ऑक्टोबर चौऱ्याण्णव.
काकू चष्मा पुसून वाकतात,
खड्डा शोधतात.
खड्डा नाही.
एका शेअरचे दोन झाले, काकू,
म्हणून भाव निम्मा; शंभराचे दोनशे.
पुढे दहाचा शेअर दोन-दोनचा झाला,
दोनशेचे हजार.
कंपनीने वाटणी केली की
यंत्र मागे जाऊन सगळे जुने भाव त्या मापाने कापतं.
तुमचे दोनशे बारा इथे एकवीस रुपये वीस पैसे,
एकशे चार म्हणजे वीस ऐंशी.
त्या दिवशी पडले ते चाळीस पैसे.

"चाळीस पैसे."
बाहेर दांडिया बाजारात कुणीतरी
रिक्षावाल्याशी दोन भाषांत भांडतंय.
"मग मी जेवले नाही ते?"

माझ्याकडे त्याचा रकाना नाही.
मी आलेख खाली-वर करते, उगाच.
काकू बोटाने ती पेन्सिल चाचपतात,
जशी भाकरीखालची तव्याची धग बघावी.
"सांगितलं असतं नीट तर..." म्हणतात,
आणि मग, बऱ्याच वेळाने,
"सांगितलं असेल. मी ऐकणाऱ्यातली होते का?"

वही कोणती खरी, असं मी स्वतःला विचारते.
कर भरायला दोन्ही लागतात:
त्या दिवशी हातात असलेला कागद,
आणि त्याचं नंतर काय झालं तो हिशोब.
नुसत्या वहीवर गेले असते तर
मीही लिहिलं असतं, बुडाले.
नुसत्या आलेखावर, तर काही घडलंच नाही.

पिशवीतून त्या लिलो चेवडा काढतात,
मिरच्या बाजूला करून माझ्यापुढे ठेवतात.
"पण विकले तर सगळे नव्हते हं.
दहा राहू दिलेत.
आज काय भाव आहे गं?"

अडीच वाजलेत. पडद्यावर आकडा हलतोय,
मी वाचायला तोंड उघडते.

"हा नको," त्या म्हणतात, पेनचं टोपण काढत.
"बंद झाल्यावर सांग. मी थांबते."