भोपळ्यातला बोगदा

सहा किलो ठोकळे आले पुण्याहून,
मोठ्या झालेल्या कुणा मुलाचे, वजनावर घेतलेले.
खोक्याच्या तळाशी एक दुधाचा दात
आणि गणिताच्या पेपराचा घडी घातलेला कपटा:
चाळीसपैकी अकरा.
कपटा टाकला. दात टाकताना हात अडला.

दिवसभर मी लॅबमध्ये रक्ताच्या नळ्या फिरवते,
तांबडं खाली बसतं, पिवळसर वर राहतं.
रात्री तेच काम फरशीवर, हातानं:
मरून इकडे, करडे तिकडे,
पिवळे ढिगानं. एवढ्या पिवळ्याचं लोक काय बांधतात?

काचेच्या कपाटात अकरा इंजिनं.
वहिनी म्हणते, तिथं कपबश्या ठेवतात माणसं.
शेजारचे बाबालाल चाचा, सतारी करतात,
चष्मा कपाळावर सारून बराच वेळ बघत राहिले.
"चालत्यात व्हय?"
नाही, म्हटलं, ठेवायची आहेत.
"मग इंजिनांची चित्रं म्हण की."

झोंबलं.

बारावं उघडलं मोटरसाठी.
मोटर बसवायची तर आधी ड्रायव्हरला उठवावं लागतं,
त्याची केबिन सेलच्या डब्याला लागते.
शेवटच्या डब्यात बसवला त्याला, गार्डाच्या जागी, तोंड मागे.
बदलीची ऑर्डर निघाल्यासारखा गप्प.

पहिल्या रात्री चाकं गरगर, गाडी जागच्या जागी.
प्लॅस्टिकवर प्लॅस्टिक, धरणार कशाला?
सलाइनच्या नळीचे काप काढले ब्लेडनं,
चाकांना बांगड्या भरल्या,
पोटात पाचाची जुनी जाड नाणी घातली, सात.
सरळ रुळावर पाच डबे ओढले तिनं,
वळणावर मधला आत कलंडला
आणि साडेअकराला मी मोठ्यानं एक शिवी दिली,
जी मला येते हे मलाच माहीत नव्हतं.

मिरजेनं तीन मापांचे रूळ पाहिले:
रुंद, मधले आणि ते अगदी चिंचोळे.
माझं चौथं माप, पाच दाण्यांचं.
खाटेखालून निघतं, फ्रिजला वळसा घालतं,
पुन्हा खाटेखाली.

रविवारी चाचा आले, काखेत अर्धा भोपळा.
भीमाकाठचा, वाळताना चिरलेला,
सतारीच्या कामातून गेलेला.
बारीक करवतीनं दोन तोंडं कापलेली, कडा पॉलिश केलेल्या.
"बोगदा," म्हणाले, आणि फरशीवर बसले,
गुडघे कुरकुरले त्यांचे.

गाडी आत शिरली
आणि आवाज बदलला.
इतके दिवस नुसती घरघर होती ती,
मिक्सरची असते तशी.
भोपळ्यात तिला सूर फुटला.
चाचांनी हात वर केला, थांब नव्हे, ऐक.
"काळी दोन."

फेऱ्या मोजल्या नाहीत. दिवे गेले मधेच,
आम्ही उठलो नाही.
अंधारात ती यायची, भरायची, रिकामी व्हायची,
फ्रिजमागं बारीक होत जायची.
मग चाचा म्हणाले,
"उतरली. पांढरी दोनवर आली. सेल बदल."
मोबाइलच्या उजेडात मीटर लावला:
नऊच्या जागी साडेआठ.
मी मीटरकडे बघितलं, मग त्यांच्या कानांकडे,
केसाळ, मोठे, एकात पेन्सिल खोचलेली.

तो दात आता मालडब्यात आहे, एकटाच,
काळ्या ताडपत्रीखाली. कुठं उतरवायचा ते ठरलेलं नाही.

काल चाचा पुन्हा दारात.
या वेळी अख्खा भोपळा, तंबोऱ्याचा, घागरीएवढा.
"हाबी फुटला बघ," म्हणाले. "आता कामाचा न्हाई."
चहा घेतला, हिशेब विचारला तर कानाला ऐकूच आलं नाही.

ते गेल्यावर भोपळा मांडीवर घेऊन
बल्बखाली सगळीकडून फिरवला,
बोट फिरवत चीर शोधली.
देठापासून बुडापर्यंत.
अजून शोधते आहे.