डावा मागचा पाय

राजगिऱ्याच्या दाण्याएवढा भुंगेरा.
ज्या खड्यात आहे तो खडा
दिसायला ढेपेच्या तळाशी उरलेल्या गुळासारखा,
काळपट, भेगाळलेला.
सेअरव्हिलच्या मातीच्या खाणीत सापडला
तेव्हा तिथे विटांसाठी खणत.
कॅझिमिर झावाडा यांनी तो आणला
कॅमेऱ्याच्या रोलच्या डबीत, ओल्या कापसात.
सत्तावीस वर्षं गॅरेजमध्ये होता, खिळ्यांच्या बरण्यांमागे.
खाण बुजली. तिच्यावर आता लोक गाड्या लावतात,
गाद्यांच्या दुकानासमोर.
"तिसऱ्या दिव्याच्या खांबाखाली," ते सांगतात,
जणू कालच तिथे किल्ल्या पडल्या.

माझं काम घासायचं.
शास्त्रज्ञ नाही मी. न्यू ब्रन्स्विकला तळघरात टेबल,
डोक्यावर पाईप, त्यातून वरच्या मजल्याचं पाणी जातं.
पाच हजार नंबरचा कागद, थेंबभर पाणी,
चार फेऱ्या, आणि बघायचं.
चार फेऱ्या, आणि बघायचं.
भिंगाखाली आधी नुसतं धुकं,
मग कोळशाचे कण, कधीतरी जंगल जळलं असणार,
मग एक बुडबुडा,
मग तो.

पाठीवरची झाकणं किलकिली.
आतला पंख अर्धा बाहेर,
घाईत ओढलेल्या पदरासारखा.
उडायला निघाला होता.
आमच्या भाषेत या राळेला अंबर म्हणतात
आणि आकाशालाही,
हे डॉक्टर अमोआकोंना समजावताना
माझं इंग्रजी संपलं.
त्या म्हणाल्या, नाइस.

घासताना वास येतो.
धुपाचा नाही अगदी,
कुणा दुसऱ्याच्या देवघरातला वाटावा असा.
झाडाला जखम झाली त्या दिवसाचा वास,
नऊ कोटी वर्षं कोंडलेला,
माझ्या मास्कमधून आत येतो आणि संपतो.
तेवढाच होता.

आता लेख तयार आहे. बावीस पानं.
मिशांचे अकरा सांधे, एकेकाची लांबी.
डोळे, पोट, झाकणांवरचे खळगे.
आणि पान सातवर:
डावा मागचा पाय गुडघ्याखाली जतन झालेला नाही.

झाला होता.
मी पाहिला होता, केसांसकट,
टोकाला दोन नखं.
मंगळवार होता. मुलाचा फोन आला ओहायोहून,
नोकरी गेल्याचा. मी फोन खांद्यात धरला
आणि चारच्या जागी सात फेऱ्या झाल्या.
नऊ कोटी वर्षं आणि तीन सेकंद.

अमोआको म्हणाल्या, होतं असं.
आणि ते वाक्य लिहिलं, कर्ता नसलेलं.
झावाडांना मीच सांगितलं, त्यांच्या ट्रकपाशी उभी राहून.
त्यांनी बोटांवर काहीतरी मोजलं.
"पाच उरलेत ना?" म्हणाले.

नाव अजून ठरायचंय.
स्वतःचं आडनाव द्यायला ते तयार नाहीत,
म्हणतात, मी फक्त वाकलो होतो.
आमच्याकडे बाराव्या दिवशी नाव ठेवतात,
आत्या कानात कुर्र करते,
आणि नावं काय, ती तर जन्मभर ठेवतात.
याला कान नाहीत. आत्याही नाही.
काल दिवे घालवायच्या आधी मी वाकले,
दाराकडे एकदा पाहिलं,
आणि त्याच्या मिशांपाशी हलकेच कुर्र केलं.
नाव नाही सांगितलं. मला कुठलं माहीत.

उद्या तो न्यूयॉर्कला जाईल, नंबर लावलेल्या डबीत.
मी टेबल पुसलं, पाण्याची वाटी विसळली,
मुलाला पैसे पाठवले.
मंगळवारचा कागद मात्र टाकलेला नाही.
खणात आहे, घडी करून.
दिव्यापाशी धरला की एका कोपऱ्यात
थोडी पिवळी भुकटी दिसते.